समुद्राने दिलेला रुपया चिंचेने घासू नका

नारळी पौर्णिमा होते, होड्या पाण्यात उतरतात, रापणी लागतात आणि किनाऱ्यावरच्या गावात पुन्हा माणसांची वर्दळ सुरू होते. जाळ्यात मासळी येते. मासळीबरोबर शेवाळ, शिंपले, फुटक्या बाटल्या, लाकडाचे तुकडे असे काय काय येते. आणि क्वचित कधी तरी एखादी काळी चकती येते. ती चकती बोटाने खरवडली तर खाली काही तरी पांढरे चमकते. मग रापणीवर एकच गलका होतो, "रुपयो रे, रुपयो!"

वाचकहो, आजचा विषय या काळ्या चकतीचा आहे. ग्रामीण भागाच्या पानावर नाण्यांचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. पण ही नाणी पुण्या-मुंबईच्या संग्राहकाला समुद्रात सापडत नाहीत. ती सापडतात रापणकाराला, खलाशाला, ओहोटीला खडपावर कालवे काढायला गेलेल्या बाईला. त्या नाण्याचे पुढे काय होणार हे पहिल्या दोन दिवसांत त्यांच्याच घरी ठरते. म्हणून हे लिहिणे त्यांच्यासाठी आहे.

काही वर्षांपूर्वी एक रापणकार माझ्याकडे आले. फडक्याच्या गाठीत तीन चकत्या होत्या. दोन काळ्याकुट्ट, एक लख्ख पांढरी. गाठ सोडता सोडता त्यांनी विचारले, "गुरुजीनू, ह्येचे किती पैशे गावतले?" पांढरी चकती घरच्या मंडळींनी चिंच आणि राख लावून घासली होती. तिच्यावर एक अक्षर शिल्लक नव्हते. चांदीचा नुसता गुळगुळीत बिल्ला. काळ्या दोन्हींवर भिंगातून पाहिले तर फारशी अक्षरांच्या वळणदार रेघा स्पष्ट दिसत होत्या. घरात सगळ्यांत मेहनत ज्या नाण्यावर झाली, तेच नाणे मुके झाले होते.

असे का होते ते समजून घ्या. चांदी वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात राहिली की तिच्या वरच्या थराची चांदी राहत नाही. समुद्राचे मीठ आणि गाळातले गंधक तिच्याशी संयोग पावते आणि काळा, करडा, कधी जांभळट असा मऊ थर तयार होतो. टांकसाळीत ठोकलेली अक्षरे नाण्याच्या अगदी वरच्या भागात असतात. म्हणजे ती अक्षरे आता त्या काळ्या थरातच उरलेली असतात. आपण समजतो की घाण काढली की अक्षर दिसेल. प्रत्यक्षात घाणीबरोबर अक्षरच निघून जाते. चिंच, लिंबू, राख, रिठा, तारेचा ब्रश, सोनाराचे तेजाब यांतले काहीही लावू नका.

आणि दुसरे. कधी नाणी सुटी न येता दगडासारख्या गोळ्यात येतात. चुना, वाळू, शंख आणि नाणी सगळे एकजीव झालेले. तो गोळा हातोडीने फोडू नका. बाहेरची नाणी खाल्लेली असली तरी आतली पुष्कळदा चांगली राहिलेली असतात, आणि तो गोळा न फोडता क्ष-किरणाने आत काय आहे ते पाहता येते. गोळा असो की सुटे नाणे, ते उन्हात वाळवू नये. प्लास्टिकच्या डब्यात स्वच्छ गोडे पाणी घेऊन त्यात ठेवावे. धातूचे भांडे नको. डब्यावर चिठ्ठी लावावी: कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, किती वाव पाण्यात, सोबत आणखी काय आले. ही चिठ्ठी नाण्याइतकीच मोलाची आहे, याचा दाखला पुढे देतो.

आता ओळखायचे कसे? तज्ज्ञ तज्ज्ञाचे काम करील. पण आपल्या हातात काय आले आहे याचा प्राथमिक अंदाज कुणालाही बांधता येतो. त्यासाठी एक भिंग, सोनाराचा काटा आणि मोजपट्टी एवढे पुरे.

प्रथम कडा पाहा. कडेवर बारीक, सारख्या अंतराच्या उभ्या रेघा असतील तर नाणे यंत्रावर पाडलेले आहे. आपल्याकडे १८३५ नंतरचा इंग्रजी रुपया असा असतो. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'वन रुपी' आणि साल. रुंदी सुमारे ३०.५ मिलिमीटर आणि वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. आपली जुनी माणसे 'रुपयाभार' म्हणत ते हेच. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि बाकी तांबे, निकेल, जस्त घातले. असा रुपया समुद्रात पडला तर त्यावर हिरवट छटा धरते. तेव्हा हिरवे दिसले म्हणून चांदी नाहीच असे समजू नका, आणि पांढरे दिसले म्हणून शंभर नंबरी आहे असेही समजू नका.

कडा साधी, नाणे जाड, आकाराने किंचित लहान, साधारण २२ ते २५ मिलिमीटर, आणि चित्र कुठेही नाही, दोन्ही बाजूंना फक्त फारशी अक्षरे, तर तो मोगली धाटणीचा रुपया असण्याचा संभव मोठा. वजन साधारण साडेअकरा ग्रॅम. ठसा नाण्यापेक्षा मोठा असे, म्हणून मजकुराचा काही भाग कडेबाहेर गेलेला असतो. ते नाणे तुटके समजू नये. मात्र फारशी अक्षर दिसले की मोगल, असेही नाही. पेशवाईत आपल्याकडच्या टांकसाळींतून निघालेल्या चांदवडी, अंकुशी रुपयांवरही मजकूर फारशीतच होता. त्यांची ओळख अंकुशासारख्या चिन्हांवरून पटते. आणि 'समुद्रात सापडलेली चांदीची शिवराई' म्हणून कुणी काही विकायला आणले तर चार पावले मागे सरा. शिवराई म्हणजे तांब्याचे नाणे.

फारशी आकडे वाचणे अवघड नाही. एक म्हणजे उभी रेघ. दोन आणि तीन म्हणजे त्याच रेघेला डोक्यावर दाते. पाच गोलसर, बदामासारखा. सात वरून उघडा, आठ खालून उघडा. आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपली गल्लत होते ती इथेच. गोल दिसला की आपण शून्य म्हणतो आणि तो असतो पाच. साल मिळाले की ते हिजरी असते. त्याला तेहेतीसने भागा, येणारा आकडा त्यातून वजा करा आणि ६२२ मिळवा. १११३ ला तेहेतीसने भागले तर जवळजवळ ३४. वजा जाता १०७९. त्यात ६२२ मिळवले की १७०१. एखाद्या वर्षाचा फरक राहील, पण आपल्या कामाला तो चालतो.

नाणे हाताला भारी, २७ ग्रॅमच्या आसपास आणि आकार ओबडधोबड, जणू छिन्नीने तोडलेले, आणि त्यावर क्रूस किंवा ढाल दिसली तर ते स्पेनच्या साम्राज्यातले आठ रियालचे नाणे असू शकते. मेक्सिको आणि पोटोसी इथली ही चांदी युरोपमार्गे आपल्या पश्चिम किनाऱ्याला येई आणि सुरतेसारख्या टांकसाळीत वितळून तिचे रुपये होत.

आणि एक नाणे असे आहे की ते नाणे म्हणून कुणी ओळखतच नाही. चांदीची जाड तार मधोमध दुमडलेली, केसात खोवायच्या आकड्यासारखी, वजन सुमारे पाच ग्रॅम, आणि तारेवर चेपून उमटवलेली थोडी फारशी अक्षरे. ही 'लारी'. इराणातल्या लार गावावरून नाव पडले आणि इराणच्या आखातापासून आपल्या कोकणच्या बंदरांपर्यंत ती चालली. विजापूरच्या आदिलशाहीनेही सतराव्या शतकात लाऱ्या पाडल्या. जाळ्यात अशी वाकडी तार आली तर गळाचा तुकडा म्हणून फेकून देऊ नका.

आता सालाबद्दल एक इशारा. नाण्यावरचे साल वाचले म्हणजे जहाज कधी बुडाले ते कळले, असे होत नाही. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचे एक मोठे नाणे आहे, वजन २८ ग्रॅम. तांबड्या समुद्राच्या आणि अरबस्तानच्या व्यापारात त्याला एवढा मान होता की राणी १७८० साली वारल्यावरही तेच साल घालून ते पिढ्यान् पिढ्या पाडले गेले. दुसऱ्या महायुद्धात तर ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडले. म्हणजे नाण्यावर १७८० आणि जन्म मुंबईचा, १९४१ चा, असे होऊ शकते. आपल्याच इंग्रजी रुपयाचे घ्या. कंपनी सरकारच्या काळात व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८४० हे साल पुढे कित्येक वर्षे तसेच ठेवले होते, आणि १८६२ च्या रुपयाचीही तीच गोष्ट. साल एवढेच सांगते की नाणे त्याआधीचे नाही.

मग जहाजाचा काळ कळतो कशावरून? सगळी नाणी एकत्र पाहण्यावरून. याचा सुंदर दाखला श्रीलंकेचा आहे. १९६१ साली त्या देशाच्या दक्षिण-पूर्व किनाऱ्याजवळ, ग्रेट बासेस नावाच्या खडकांपाशी माइक विल्सन हा पाणबुड्या दोन पोरसवदा मुलांबरोबर पाण्यात उतरला होता. प्रसिद्ध लेखक आर्थर सी. क्लार्क यांचा तो भागीदार. त्यांना तिथे एक लहान पितळी तोफ आणि चांदीची नाणी दिसली. नाण्यांचे दगडासारखे गोळे झाले होते. थैली केव्हाच कुजून गेली, पण गोळ्याने थैलीचा आकार धरून ठेवला होता. एकेका थैलीत सुमारे एक हजार रुपये. वाचून पाहिले तर औरंगजेबाचे रुपये, टांकसाळ सुरत, साल हिजरी १११३.

आता विचार करा. बाजारात फिरलेले पैसे असते तर त्यात दहा टांकसाळींची, पन्नास सालांची नाणी सापडली असती. आपल्या घरातला गल्ला उपडा केला तर तेच दिसेल. इथे एकच टांकसाळ, एकच साल, नाणी कोरी आणि थैल्या मोजलेल्या. म्हणजे हे पैसे टांकसाळीतून निघाले ते सरळ जहाजावर चढले आणि जहाज त्या सुमारासच बुडाले, एवढे ती नाणी सांगू शकली. हिजरी १११३ म्हणजे १७०१-०२. त्याच काळात तो बादशहा आपल्या मुलखात विशाळगडाला वेढा घालून बसला होता. इकडे सह्याद्रीत त्याचा खजिना आटत होता आणि तिकडे त्याच्याच नावाचे कोरे रुपये सुरतेहून समुद्रमार्गे चालले होते. इतिहासाची ही दोन पाने एकमेकांना जोडली गेली ती त्या थैल्यांमुळे. त्यातला एकेक रुपया गुपचूप वेगवेगळ्या सोनारांकडे गेला असता तर? हजार रुपयांची चांदी झाली असती आणि गोष्ट कायमची बुडाली असती.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की नाणे तागडीत घालण्याआधी वाचले गेले पाहिजे, आणि सोबत्यांसह वाचले गेले पाहिजे. पण ही झाली आपली बाजू. आता सरकारची बाजू बोलू, कारण सगळा दोष रापणकाराच्या माथी मारणे बरे नव्हे.

रापणकार सोनाराकडे का जातो? सोनार रोख देतो आणि प्रश्न विचारत नाही म्हणून. कचेरीत गेले तर काय होते? कायदा काय म्हणतो ते पाहा. जमिनीत दडलेल्या धनासाठी आपल्याकडे निखात निधीचा १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर कलेक्टरला कळवले पाहिजे. न कळवले तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १८७८ साली दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांची नाणी हातात. आज दहा रुपयांत चांदीचा कणही येत नाही. आणि सरकारला ती वस्तू हवी असेल तर मोबदला किती? धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे ज्या नाण्यासाठी संग्राहक चांदीच्या अनेक पट मोजायला तयार असतो, त्याला कायदा मोजणार चांदीचा भाव आणि वर थोडी दक्षिणा. हा कायदा माणसाला प्रामाणिक राहण्याची किंमत मोजायला लावतो.

समुद्राचे आणखी निराळे. बुडालेल्या जहाजाच्या मालाला जहाजांचा कायदा लागतो. १९५८ च्या कायद्यात असा माल 'रिसीव्हर ऑफ रेक' नावाच्या अधिकाऱ्याकडे जमा करायचा आणि मूळ मालकाला हक्क सांगायला एक वर्ष द्यायचे अशी तरतूद होती. २०२५ साली त्या जागी नवा कायदा झाला. पण आमच्या बंदरावर उभे राहून विचारा, हा रिसीव्हर कोण आणि बसतो कुठे? दहांतले नऊ जण मान हलवतील. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचे नाणे ही पुरावस्तू आहे. ती परवान्याशिवाय विकण्याचा धंदा करता येत नाही आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. एका काळ्या चकतीमागे तीन कायदे. साध्या माणसाने घाबरावे नाही तर काय करावे?

'समुद्रात सापडले ते सापडवणाऱ्याचे' हा समज मात्र काढून टाका. 'सिटी ऑफ कैरो' नावाची बोट १९४२ च्या ऑक्टोबरात मुंबईहून इंग्लंडला निघाली. तिच्यावर सुमारे २००० पेट्या, म्हणजे शंभर टनांच्या आसपास चांदीचे रुपये होते. नोव्हेंबरमध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने ती बुडवली. पाच हजार मीटरहून अधिक खोल पाण्यातून त्यातले बरेचसे रुपये २०१३ पर्यंत वर काढले आणि २०१५ साली ही गोष्ट जगाला कळली. सत्तर वर्षे लोटली तरी त्या पैशांवर ब्रिटिश सरकारचाच हक्क राहिला, काढणाऱ्या कंपनीला तिचा वाटा मिळाला. आणि ते रुपये वितळवून विकले गेले. आपल्या मुलखातून गेलेले पैसे तागडीतच संपले. श्रीलंकेचे रुपये आणि हे रुपये, दोन्ही समुद्रातले. एकांनी गोष्ट सांगितली, दुसऱ्यांनी भाव सांगितला.

सरकारकडे मागणे फार मोठे नाही. प्रत्येक किनारी तालुक्याच्या ठिकाणी एक नेमलेला माणूस असावा, जो बोलावल्यावर बंदरावर येईल, सापडवणाऱ्यासमोर नाण्याचे वजन करील, फोटो काढील आणि सहीची पावती देईल. पावती हातात असली की माणसाची भीती जाते. दुसरे, मोबदला नाण्याच्या खऱ्या बाजारमोलावर ठरवावा आणि तो ठरावीक मुदतीत द्यावा. तिसरे, संग्रहालयात नाणे मांडाल तेव्हा चिठ्ठीवर बादशहाच्या नावाखाली सापडवणाऱ्याचे आणि त्याच्या गावाचे नाव लिहावे. याला खर्च शून्य आहे. पण ती चिठ्ठी बघायला सगळा वाडा एस.टी. धरून जाईल, आणि पुढचे नाणे सोनाराकडे जाणार नाही.

जाणती माणसे आपल्याकडे आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली सुरू झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, जिच्या संशोधकांनी गोव्याच्याच सुंची खडकापाशी बुडालेल्या जहाजाचा अभ्यास केला. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, राज्याचे पुरातत्त्व खाते आहे. विद्या तिथे आहे आणि नाणे इथे आहे. मधला रस्ता तेवढा बांधायचा राहिला आहे.

तो बांधला जाईपर्यंत आपण काय करायचे? नाणे न घासता पाण्यात ठेवा. चिठ्ठी लिहा. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. गावच्या मच्छीमार सोसायटीच्या चार माणसांना दाखवा आणि तहसील कचेरीत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर शाळेच्या मास्तरांना बरोबर न्या. आम्ही येऊ.

माझ्याकडे आलेल्या त्या रापणकारांना मी काळी दोन नाणी तशीच ठेवायला सांगितली. पांढऱ्याकडे बघत ते म्हणाले, "आणि ह्या एकाचा काय?" मला उत्तर सुचले नाही. ते कोणत्या टांकसाळीचे, कुणाच्या अमलातले, कोणत्या होडीतले, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हते. शंभर-दोनशे वर्षे समुद्राने जे जपले, ते आपल्या परसदारी एका दुपारी पुसले गेले. तुमच्या घरी अशी दुपार येऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.